रूम टेम्परेचर म्हणजे नक्की किती? (हायड्रोजेलच्या नोंदी, मार्च ते जून)

१० मार्च

मॅडमनी सांगितलं रोजच्या रोज लिहून ठेव, नंतर आठवत नाही, म्हणून ही वही. गोव्यातल्या या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले त्याला आज बरोबर आठवडा झाला आणि आईला अजून वाटतंय मी केसांना लावायचं जेल बनवते. तिला काल सब्जाचं उदाहरण देऊन समजावलं: सब्जा पाण्यात टाकला की भोवती तो बुळबुळीत फुगा येतो ना, तेच हायड्रोजेल, पॉलिमरची, म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्यांची, जाळी आणि आत भरपूर पाणी. आमचं फक्त एवढंच वेगळं की ते उजेड पडला की आक्रसायला हवं आणि लोहचुंबकाने ओढलं जायला हवं. "मग त्याचा उपयोग काय?" "औषध नेऊन नेमक्या जागी सोडता येईल कधीतरी." "कधी?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी हुमण वाढून घेतलं.

प्लॅन असा. जेल नायपॅमचं, पूर्ण नाव एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलामाइड, त्याचं पॉलिमर ३२ डिग्रीच्या खाली पाणी पितं आणि वर गेलं की ओकतं. हे १९६८ पासून माहीत आहे, हेस्किन्स आणि गिलेट यांनी दाखवलं. आत मॅग्नेटाइट या लोखंडाच्या ऑक्साइडचे नॅनोकण घालायचे. ते काळे, म्हणजे उजेड शोषून तापणार, आणि चुंबकालाही ऐकणार. एका दगडात दोन पक्षी. कागदावर तरी.

१३ मार्च

मॅग्नेटाइट केलं. लोखंडाची दोन मीठं: फेरिक क्लोराइड २० मिलिमोल, फेरस क्लोराइड १० मिलिमोल, म्हणजे दोनास एक, ८० डिग्रीला नायट्रोजनखाली ढवळत अमोनिया ओतायचा. ऐकायला सोपं. पण फेरिक क्लोराइड तोलायला घेतलं आणि काट्यावर आकडा थांबेचना, ५.४० झाला, ५.४१, ५.४३... मला वाटलं बॅलन्स बिघडला, मग बघते तर बटर पेपरवरचे पिवळे खडे कडेने ओले व्हायला लागलेले. हवेतलं पाणी पितंय! पुण्यात एमएस्सी करताना हेच बाटलीतून आरामात तोलायचो. इथे मार्चमध्येच ही गत तर पावसाळ्यात काय होणार. मामा (आमचे लॅब अटेंडंट) शांतपणे म्हणाले, "बाय, बाटली पयलीं धांप." झाकण लावलं. आता सरळ बाटलीच तोलायची, काढायच्या आधी आणि नंतर, फरक धरायचा.

अमोनिया पडल्याबरोबर नारिंगी पाणी एका सेकंदात काळं झालं, हा क्षण मला कधीच जुना होणार नाही. चंचुपात्राखाली चुंबक ठेवला तर सगळा काळा गाळ तळाला जाऊन बसला आणि वर स्वच्छ पाणी. धुवून वाळवून २.१ ग्रॅम मिळालं, हिशोबाने २.३ यायला हवं होतं, ठीक आहे.

घरी भाऊ म्हणतो, एवढे पैसे देऊन लोखंडाचं मीठ आणता, आमच्या डिचोलीत पायाखाली लोखंडच आहे. त्याला म्हटलं, ते बहुतेक हेमाटाइट रे, लोखंडाचं दुसरं ऑक्साइड, ते चुंबकाला धड चिकटत पण नाही, आणि चिकटलं तरी त्याचे दहा-पंधरा नॅनोमीटरचे कण तू करून देणार का. एवढे बारीक असले की चुंबक काढल्यावर कणांत चुंबकत्व उरत नाही, म्हणून ते एकमेकांना चिकटून गोळे होत नाहीत. मोठे कण असते तर एकदा चुंबक लावला की गठ्ठा झाला, संपलं.

१५ मार्च

पहिलं साधं जेल, कण न घालता. १० मिली पाण्यात नायपॅम १.१३ ग्रॅम, क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना बांधणारं) बिस १५ मिलिग्रॅम, १५ मिनिटं नायट्रोजन बुडबुडवला (ऑक्सिजन राहिला की रिअ‍ॅक्शन अडते), मग रिअ‍ॅक्शन सुरू करून देणारे परसल्फेट आणि टेमेड. दहा मिनिटांत घट्ट झालं, आम्ही दोघं (मी आणि ज्युनियर) खूश, आणि बघता बघता टेस्टट्यूबच्या मधोमध दुधाळ ढग आला. रिअ‍ॅक्शन स्वतःच उष्णता सोडते, आतलं तापमान ३२ च्या वर गेलं, आणि तयार होता होताच जेल फुटल्यासारखं झालं. उद्यापासून बर्फात.

बर्फ मासेवाल्याकडून आणायचा का असं ज्युनियरने विचारलं, तो चेष्टा करत नव्हता. आइस मशीन गेले तीन आठवडे "उद्या येतो मेकॅनिक" वर आहे.

२० मार्च

बर्फातलं जेल काचेसारखं पारदर्शक आलं. १२ मिलिमीटरची चकती कापली, वॉटर बाथमध्ये ४० डिग्रीला टाकली: आधी पांढरी झाली, मग हळूहळू आक्रसत ७ मिलिमीटर. व्यासाला तेवढंच दिसतं पण घनफळ काढा, पाचपट कमी! चारपंचमांश पाणी बाहेर. परत थंड पाण्यात टाकली की परत १२.

हे का होतं ते ज्युनियरला विचारलं तर त्याने पाठ केलेलं सांगितलं, एन्ट्रॉपी वगैरे. मी माझ्यासाठी असं लिहून ठेवते: साखळीवर पाणी आवडणारा अमाइडचा भाग आहे आणि पाणी न आवडणारा आयसोप्रोपिलचा. थंड असताना पाण्याचे रेणू त्या न आवडणाऱ्या भागाभोवती शिस्तीत उभे राहतात, पण गरम झालं की ही शिस्त परवडत नाही, पाणी मोकळं होऊन निघून जातं आणि साखळ्या एकमेकींना बिलगतात. जेल असं अचानक आक्रसतं हे तोयोइची तानाका यांनी एमआयटीमध्ये १९७८ ला दाखवलं, त्यांचं जेल दुसरं होतं. १९९० मध्ये त्यांनी आणि सुझुकींनी नायपॅमच्या जेलमध्ये तांब्याचं क्लोरोफिलिन, म्हणजे पानांच्या हिरव्या रंगाचाच भाऊबंद, घालून नुसत्या दिसणाऱ्या उजेडाने हा प्रकार करून दाखवला. म्हणजे आमची आयडिया काही फार नवीन नाही. मॅडम म्हणतात नवीन नसू दे, आधी चालू दे.

२ एप्रिल

कण घालून जेल. सगळे कण खाली बसले. खालून काळं, वरून फिकट चहा. जेल घट्ट व्हायला लागतात दहा-बारा मिनिटं आणि कण त्याआधीच गोळे होऊन तळ गाठतात.

मला आधी आनंद झाला, म्हटलं एक बाजू काळी एक फिकी, उजेडात काळी बाजू तापेल, आक्रसेल, आणि पट्टी आपोआप वाकेल, अपघाताने भारी काम झालं. नाही वाकली. अर्धा तास बघत बसलो. संध्याकाळी बसमध्ये ट्यूब पेटली: उष्णता एक मिलिमीटर जेल पार करायला काही सेकंद घेते, आणि पाणी बाहेर यायला मिनिटंच्या मिनिटं. काळी बाजू पाणी ओकायला सुरुवात करेपर्यंत फिकी बाजूपण तेवढीच गरम झालेली असते. वाकायचं तर दोन बाजू दोन वेगळ्या मटेरियलच्या पाहिजेत.

कणांना सायट्रिक अ‍ॅसिडचा लेप दिला, आता ते एकमेकांना ढकलतात आणि तरंगत राहतात. जेल सगळीकडून सारखं, कमी कण घातले तर बिनदुधाच्या चहासारखं. दोन दिवसांनी कडेला थोडं तपकिरी झालं, परसल्फेट ऑक्सिडायझर आहे, मॅग्नेटाइटचं मॅगहेमाइट (लोखंडाचं आणखी एक ऑक्साइड, तपकिरी) करत असणार. तेही चुंबकाला ऐकतं म्हणून सोडून दिलं.

११ एप्रिल

उजेडाचा पहिला प्रयत्न, १०० वॉटचा हॅलोजन. जेल आक्रसलं! फोटो काढले, मॅडमना पाठवले. मॅडमचा एकच मेसेज, "कंट्रोल?" कंट्रोल म्हणजे कण नसलेली चकती त्याच दिव्याखाली ठेवली, तीपण आक्रसली. दिव्याने अख्खं पाणीच तापवलं होतं. फोटो डिलीट नाही केले, नम्रपणा म्हणून ठेवलेत.

मग फिजिक्सवाल्यांचा ८०८ नॅनोमीटरचा लेझर मागून आणला, एक वॉट, दर गुरुवारी दुपारी दोन तास. हा उजेड डोळ्याला दिसत नाही आणि डोळा घालवू शकतो, म्हणून गॉगल नसेल तर दाराबाहेर, ज्युनियरला दोनदा ओरडले. ८०८ ला पाणी फारसं शोषत नाही, कण शोषतात.

कंट्रोल: काही नाही. चहावालं जेल: सात-आठ सेकंदांत मध्ये शर्टाच्या बटणाएवढा पांढुरका ठिपका आला, लेझर बंद केला की कडेकडेने विरघळत गेला. चालू, ठिपका. बंद, गेला. गॉगलमधून धड दिसत नाही म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बघत आम्ही वीसेक वेळा केलं. विसाव्यांदा काही नवीन कळलं नाही पण थांबवत नव्हतं.

२८ एप्रिल

आज सकाळी बसमधून उतरायच्या आधीच ज्युनियरचा फोन. "दीदी, जेल मेलें गो!"

शनिवारी दुपारी लाइट गेली ती रविवारी संध्याकाळपर्यंत नाही. आमची लॅब सगळ्यात वरच्या मजल्यावर, वर स्लॅब, पश्चिमेला काचा. एसी बंद, दारं बंद. भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये जास्तीत जास्त किती झालं ते साठतं, बघितलं: ३४.६. ट्रेमधल्या सगळ्या चकत्या, अकरा दिवस रोज वजन करत आणलेल्या, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारख्या होऊन तळाला बसलेल्या. लेझर नाही, दिवा नाही, काही नाही. गोव्याच्या उन्हाळ्यानेच प्रयोग करून टाकला.

जेल मेलं नव्हतं अर्थात, एसी लावल्यावर दुपारपर्यंत परत फुगलं. मेला तो डेटा. आणि मला राग आला तो लाइटवाल्यांचा नाही (थोडा आला), स्वतःचा. मी जे काही पेपर वाचले त्यात जिथे तिथे लिहिलंय "रूम टेम्परेचरला ठेवले", आणि मी पण वहीत तसंच लिहीत गेले. कोणाची रूम? त्यांची रूम २० ची असेल, २२ ची असेल, तिथून ३२ लांब आहे. आमच्या रूमपासून ३२ शेजारच्या घराएवढं जवळ. एसीच्या भरवशावर ज्याचं "स्मार्ट" टिकतं ते मटेरियल मी कुठल्या तोंडाने दाखवू.

मामा चहा घेऊन आले, म्हणाले, "शेनवारा रातभर लायट नासली, आमीय असेच वितळले."

५ मे

उपाय तसा पुस्तकातलाच आहे. नायपॅममध्ये थोडं पाणी आवडणारं मोनोमर (पॉलिमरच्या साखळीचा सुटा दुवा) मिसळलं की तापमान वर सरकतं. साधं अ‍ॅक्रिलामाइड घेतलं (हातमोजे दुहेरी, पॉलिमर निरुपद्रवी पण मोनोमर नसांना वाईट). ३, ५, ८, १२ टक्के. ८ टक्क्याला जेल आमच्या मापात ३८ च्या आसपास ढगाळतं. १२ ला आणखी वर, पण मजा गेली: साधं नायपॅम दोन डिग्रीत धाडकन पडतं, हे जिना उतरल्यासारखं हळूहळू. शिवाय जेवढं वर न्याल तेवढा लेझरला जास्त जोर.

म्हणजे खरी ओढाताण अशी आहे: ३२ जवळ ठेवलं तर थोड्या उजेडात काम होतं पण हवापाणीच बटण दाबतं, आणि लांब नेलं तर हवा शांत पण उजेड पुरत नाही. मी ८ वर थांबले. मॅडम म्हणाल्या १० करून बघायचं होतंस. बघेन.

१२ मे

रविवारी मिरामारला फिरायला गेलो तेव्हा बाटलीभर समुद्राचं पाणी आणलं. मिठाने नायपॅमचा आकडा खाली येतो हे माहीत होतं पण किती ते स्वतः बघायचं होतं. साधं नायपॅम समुद्राच्या पाण्यात २५-२६ लाच पांढरं. म्हणजे हे जेल मांडवीच्या तोंडाशी टाकलं तर उन्हाळ्यात तरी आक्रसलेलंच राहणार. शरीरातही मीठ आहे, समुद्राएवढं नाही, पण आहे, तेव्हा औषधवाल्यांनी हा आकडा डिस्टिल्ड वॉटरमधला घेऊन चालत नाही.

त्याच फेरीत ज्युनियरने वाळूतून चुंबक फिरवला आणि त्याला काळ्या कणांची मिशी फुटली. खूप वेळ ती काढत बसला.

१९ मे

हा प्रयोग अधिकृत नाही. चुंबकीय क्षेत्र वेगाने उलटसुलट केलं तर मॅग्नेटाइटचे कण स्वतःच तापतात, उजेड नकोच, मग अपारदर्शक जागीसुद्धा जेल चालवता येईल. त्याला शेकडो किलोहर्ट्झचं मशीन लागतं, आमच्याकडे नाही. घरी इंडक्शन चूल आहे, ती वीस-तीस किलोहर्ट्झच्या आसपास चालते. म्हटलं बघू तरी.

काचेच्या वाटीत जेल ठेवून चूल लावली. टीं टीं टीं. बंद. तिला लोखंडी बुडाचं भांडं दिसत नाही तोवर ती चालूच होत नाही! ४० मिलिग्रॅम मॅग्नेटाइट म्हणजे तिच्या हिशोबाने भांडं नव्हे. तवा ठेवून त्यावर वाटी ठेवली तर चालू झाली, पण मग तव्यानेच सगळं तापवलं. हॅलोजनचा दिवस आठवला. आई मागे उभी होती, "अगो, त्या तव्यावर उद्या भाकरी करायची आहे मला." तवा तीनदा घासून दिला. त्या वाटीत आता कोणी काही खात नाही, ती माझी.

३ जून

पाऊस जोरात. खोली एसीशिवाय २७. फेरिक क्लोराइडची बाटली उघडायचं धाडस नाही.

दोन थरांची पट्टी जमली. खालचा थर ८ टक्केवालं काळं जेल, वरचा साधं पॉलिअ‍ॅक्रिलामाइड, जे उष्णतेने फारसं हलत नाही. पहिल्या चार पट्ट्यांचे थर सुटून आले, पापडासारखे. पाचव्यात पहिला थर पूर्ण घट्ट व्हायच्या आधीच दुसरं मिश्रण ओतलं, मोनोमर खालच्या थरात थोडं मुरलं आणि दोन्ही जाळ्या एकमेकींत अडकल्या. लेझरखाली पट्टी काळ्या बाजूकडे वळून जवळजवळ अर्धवर्तुळ झाली.

आता पाच पाकळ्यांचा चाफा कापायचा. ब्लेडने कडा सरळ येईना म्हणून नेवऱ्या कापायचं कातण घरून आणलं. कडा काय सुंदर आली, नागमोडी! आणि दुसऱ्याच वळणाला प्रत्येक दात्यापासून चीर. जेलला खाच म्हणजे चिरायचं निमंत्रण. परत ब्लेड.

११ जून

जाडीची गंमत. २ मिलिमीटरची काळी चकती आक्रसायला ४१ मिनिटं, १ मिलिमीटरची ११. जाडी निम्मी, वेळ साधारण पाव. पाण्याला जाळीतून जेवढं अंतर जायचं त्याच्या वर्गाने वेळ वाढतो, म्हणून या क्षेत्रात सगळे एवढं बारीक बारीक का करतात ते कळलं. अर्धा मिलिमीटर केली तर तीन मिनिटांत काम होईल, पण तेवढी पातळ चकती साच्यातून न फाडता काढणं हे वेगळंच शास्त्र आहे, ते ज्युनियरला येतं, मला नाही. फार पटकन तापवलं तर वरची साल आधी बंद होते आणि पाणी आत अडकून फोड येतात, घाई चालत नाही हेही लक्षात आलं.

२४ जून

सांजांव, सेंट जॉनचा सण. बाहेर लोक डोक्यावर पानाफुलांच्या कोपेली घालून विहिरीत उड्या मारतायत, आणि आम्ही लॅबमध्ये, कारण फिजिक्सवाल्यांनी लेझर सुट्टीच्या दिवशीच पूर्ण दिवस दिला.

चाफा पेट्री डिशमध्ये काळी बाजू वर करून, मध्ये साबुदाण्याचा दाणा. लेझर सगळ्या पाकळ्यांवर सारखा पडावा म्हणून बीम पसरवला. चार मिनिटं काही नाही. सहाव्या मिनिटाला एक पाकळी उचलली, मग दुसरी, तिसरी आणि चौथी एकदम, पाचवी आळशी. नऊ मिनिटांत मूठ वळली. आता चुंबक. डिशच्या खालून लावला तर चाफा तळालाच घट्ट दाबला गेला, सरकेना. दोन बाजूंना दोन चुंबक धरले तर तो मधोमध उभा, कुठेच जाईना. क्षेत्र सगळीकडे सारखं असलं की ओढ नसते, एकीकडे जास्त एकीकडे कमी लागतं. जुन्या हार्ड डिस्कमधला एकच चुंबक कडेने दोन सेंटिमीटरपर्यंत आणला, काही नाही, दीडवर थरथरला, एकवर आला की चाफा साबुदाण्यासकट सर्रकन सरकत आला. आम्ही दोघं काहीच बोललो नाही.

मग लेझर बंद, पाकळ्या उघडायच्या. उघडल्या, चौदा मिनिटांनी. दाणा सुटेना! गरम पाण्यात साबुदाणा चिकट झाला होता आणि पाकळीला डिंकासारखा बसला होता. साबुदाणा निवडणाऱ्याला (मला) मॅडमनी फोनवरच ऐकवलं. आईच्या तुटलेल्या पोतीतला काळा मणी ओढणीच्या टोकाला बांधलेला होता, तीन महिने दुरुस्त करून आणायचा राहिलेला. तो टाकला. पकडला, आणला, सोडला. मणी धुवून परत ओढणीत.

२७ जून

रिपोर्टचा पहिला मसुदा मॅडमकडून परत आला. चुंबकाचा भाग वाढव, लेझरची ताकद ठिपक्याच्या क्षेत्रफळाने भागून दे, इंडक्शनचा परिच्छेद काढ (का घातला होता मी?). पान सातवर मी लिहिलं होतं "नमुने रूम टेम्परेचरला ठेवले", ते त्यांनी खुणावलेलं नाही. मीच खोडलं आणि मार्चपासूनचे थर्मामीटरचे सगळे आकडे काढून तक्ता घातला, कमीत कमी २३.१, जास्तीत जास्त ३४.६. आज, आत्ता, २७.४. बाहेर धो धो, ट्रेमधल्या चकत्या स्वच्छ पारदर्शक, आणि यूपीएसच्या कोटेशनवर अजून सही व्हायची आहे.